दर्या दिसला पाहिजे!

क्रूझच्या माहितीपत्रकात लहान मुलं असतात, पण ती खरी वाटत नाहीत. पांढरेशुभ्र कपडे घातलेली दोन भावंडं बाल्कनीच्या कठड्यापाशी उभी राहून शांतपणे सूर्यास्त बघत असतात. मागे आई-बाबा खुर्चीत रेलून एकमेकांकडे बघून हसत असतात. एकाही मुलाच्या हाताला आईस्क्रीम लागलेलं नसतं. आमच्या घरातला सात वर्षांचा मुलगा बाल्कनी दिसली की आधी खुर्ची कुठे आहे ते बघतो. खुर्ची नसेल तर कुंडी शोधतो.

तरी त्या चित्राचा परिणाम व्हायचा तो होतोच. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचं बुकिंग करायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडे पाच मोठी माणसं, तीन मुलं आणि एकच मागणी होती: दर्या दिसला पाहिजे. मोठ्यांत सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. मुलांत आमचा सात वर्षांचा थोरला, चार वर्षांची धाकटी आणि जावेचा दोन वर्षांचा बाळ्या. जहाजाच्या चारही बाजूंना दर्याच असतो, खोलीबाहेर पाऊल टाकलं की तो फुकट दिसतो, हे मी सांगून बघितलं. पण फ्लॅट घेताना समोर गार्डन आहे की शेजारच्या बिल्डिंगचे पाइप आहेत यावर चौरस फुटाचा भाव ठरवणारी माणसं आम्ही. खोलीत बसून दिसत नसेल तर तो दर्या आपला नाही, यावर घरात एकमत होतं.

मराठी माणसाचं प्रवासातल्या जागेबद्दलचं सगळं ज्ञान रेल्वेवर पोसलेलं आहे. साइड लोअर नको, संडासाजवळचा बर्थ नको, म्हाताऱ्या माणसांना खालचा, मुलांना मधला आणि वरच्यावर घरातला सर्वांत लवकर घोरणारा पुरुष. हे ज्ञान जहाजावर निम्मं उपयोगी पडतं आणि निम्मं गोत्यात आणतं. रेल्वेत मूल बर्थवरून पडलं तर खाली कुणाची तरी बॅग असते.

बुकिंगवाल्या मुलाने फोनवर चार प्रकार सांगितले. इनसाइड, म्हणजे बिनखिडकीची. ओशन व्ह्यू, म्हणजे खिडकीची. बाल्कनी. आणि स्वीट, ज्याचा भाव त्याने जरा खालच्या आवाजात सांगितला.

बिनखिडकीच्या खोलीचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काळकोठडी. पैसे भरून?" वास्तविक मुलांच्या आईने मनोमन आरती ओवाळावी अशी ती खोली आहे. दिवा घालवला की मिट्ट काळोख. पहाटे साडेपाचला उजाडलं म्हणून उठणारी मुलं तिथे नऊपर्यंत ढाराढूर झोपतात. चढायला खिडकी नाही, लोंबकळायला कठडा नाही, उघडायला काही नाही. फक्त रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार थोडं किलकिलं ठेवावं लागतं. नाहीतर चार वर्षांचं मूल मध्यरात्री उठतं, त्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, आणि मग शेजारच्या दोन खोल्यांनाही ते उठल्याचं कळतं.

खिडकीवाल्या खोलीची खिडकी उघडत नाही, हा तिचा मुख्य गुण. जाड काच, पक्की बसवलेली. दर्या पूर्ण दिसतो आणि हाताला लागत नाही. मुलं काचेला नाक लावून बसतात. काचेवर नाकाचे ठसे उठतात, एवढंच नुकसान.

खरं भांडण बाल्कनीवर झालं. जावेचं म्हणणं साधं होतं: "वहिनी, मला फक्त सकाळचा चहा बाल्कनीत बसून प्यायचाय."

मी विचारलं, "बाळ्या झाल्यापासून घरी चहा कुठे पितेस?"

"ओट्यापाशी. उभ्याने."

"बसून शेवटचा कधी प्यायलीस?"

ती विचारात पडली. म्हणजे प्रश्न बाल्कनीचा नव्हता, बसण्याचा होता. पण दीर मधे पडले. "कठडा चांगला उंच असतो, वहिनी. आंतरराष्ट्रीय नियम असतात." असतातच. म्हणून नवऱ्याने ते शोधून काढले. जहाजांच्या लोडलाइन करारानुसार उघड्या डेकवरचा कठडा किमान 1 मीटर उंच हवा. आडव्या दांड्या असतील तर सर्वांत खालची फट 230 मिलिमीटरपेक्षा मोठी नको, आणि वरच्या दांड्यांमधलं अंतर 380 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेने 2010 साली कायदा करून तिथे ये-जा करणाऱ्या प्रवासी जहाजांचा कठडा 42 इंचांवर नेला.

आकडे वाचून दीर निर्धास्त झाले. मी टेप काढला. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. धाकटीची शेवटची खूण 102 सेंटीमीटरवर. 1 मीटरचा कठडा म्हणजे तिच्या डोक्याला डोकं. छान. आता जेवणाच्या टेबलाची खुर्ची मोजली: बैठक 45 सेंटीमीटर उंच. बाल्कनीत दोन खुर्च्या असतातच, कारण चहा बसून प्यायचा असतो. खुर्चीवर उभं राहिलं की मीटरभर कठड्यातले उरले 55 सेंटीमीटर. चौकटीवर तिथे बोट ठेवलं, तर ते धाकटीच्या बेंबीपाशी आलं. लहान मुलांचं वजन वरच्या अंगात जास्त असतं, डोकं जड असतं. पोटावर कठडा टेकला की ती पुढेच कलतात. टेप गुंडाळला. मग दिरांना 230 मिलिमीटर हातांनी दाखवले आणि मधे बाळ्याचं डोकं धरलं. दोन्ही बाजूंना बरीच जागा उरली.

बाल्कनीला सरसकट शिव्या घालायचं कारण नाही. खोल्यांच्या बाल्कन्यांना बहुधा अखंड काच असते, काहींना लोखंडी पत्रा असतो. दाराला कडी वर असते आणि दार ओढायला मोठ्या माणसाचा जोर लागतो. मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि सांगितलेलं ऐकत असतील तर बाल्कनी जरूर घ्यावी. यातली दुसरी अट पहिलीहून अवघड आहे. पण मुलं चढायच्या वयात असतील तर त्या बाल्कनीत माणूस चहा पीत नाही, पहारा देतो. आणि पहाऱ्यासाठी एवढे जादा पैसे भरणं हे सासूबाईंनाही पटेना. बाल्कनी बाद झाली.

त्यानंतर नवऱ्याने जहाजाचा नकाशा छापून आणला, ए थ्री कागदावर, मजल्यागणिक एक. रंगीत पेनं काढली. प्रश्न होता, खोली जहाजाच्या कुठल्या भागात. इथे पदार्थविज्ञान कामाला येतं. लाटेवर जहाजाचं नाक आणि शेपूट वर-खाली होतं, मधला भाग त्यामानाने स्थिर असतो. डोलताना वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. म्हणून ज्यांच्या घरात बोट लागणारी मंडळी आहेत त्यांनी मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात मात्र ती सर्वांत जास्त लागते, आणि मुलं आधी सूचना देत नाहीत. हे माहीत असल्याने मी आलेपाकाची पुडी आणि जुन्या टॉवेलांची चळत भरली. आलेपाक मुलांनी खाल्ला नाही, मोठ्यांनी संपवला. टॉवेल लागले.

नुसता आडवा नकाशा वाचून भागत नाही, उभाही वाचावा लागतो. आपल्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे? डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. पायाखाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री दोनपर्यंत गादी थरथरते. अगदी पुढच्या टोकाला खोली असेल तर नांगर टाकतानाची साखळी ऐकू येते. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, दूर नांगर टाकून उभं राहतं आणि माणसं लहान बोटींनी जातात. म्हणजे ही साखळी ऐकायची वेळ येतेच. वर खोल्या, खाली खोल्या आणि मधे आपण, ही सर्वांत निवांत जागा. नवऱ्याने तिथे हिरवी खूण केली.

तेवढ्यात दिरांनी विचारलं, "पण डोकं कुठल्या दिशेला येतंय?"

दिरांचा वास्तुशास्त्राचा अभ्यास आहे. डोकं दक्षिणेला हवं, उत्तरेला चालणार नाही. नवऱ्याने शांतपणे समजावलं की मुंबईहून लक्षद्वीपला जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला, आणि येताना तेच तोंड उत्तरेला. पलंग जमिनीला ठोकलेला. त्यामुळे जाताना झोपशील ते शास्त्रशुद्ध, येताना झोपशील ते दोषयुक्त. दिरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "येताना उशी पायाकडे घेऊ." वास्तुशास्त्राला समुद्रावर इतकं सोपं उत्तर आजवर मिळालं नसेल. तसे जहाज बांधणारेही काही कमी नाहीत. बऱ्याच जहाजांवर बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा येतो.

मग आला पलंगांचा प्रश्न. चार माणसांच्या खोलीत दोन पलंग खाली असतात आणि दोन बर्थ छताला किंवा भिंतीला दुमडून ठेवलेले असतात. रात्री खोली आवरायला येणारा माणूस किल्ली फिरवून ते खाली घेतो आणि शिडी लावतो. हे दृश्य बघितल्यावर घरातलं प्रत्येक मूल वरच्या बर्थसाठी प्राण द्यायला तयार होतं. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हा बंकबेडबाबतचा सर्वसाधारण सल्ला जहाजावरही पाळावा. तिथे पलंग हलत नसला तरी जमीन हलते. धाकटीला हा सल्ला मान्य नव्हता. "दादा वर, मी खाली, हे फेअर नाही" हे वाक्य तिने बुकिंगच्या दिवसापासून प्रवास संपेपर्यंत न चुकता म्हटलं. बाळ्यासाठी पाळणा आधी कळवला तर मिळतो. तो मांडला की खोलीतली जमीन संपते आणि बाथरूमला जायला पलंगावरून जावं लागतं. तरी मागावा.

चौघांनी एका खोलीत मावणं स्वस्त पडतं, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी असतं. पण कधी कधी खोलीत चार बर्थ असूनही कंपनी दोघांपलीकडे घेत नाही. याचं कारण बुकिंगवाले सांगत नाहीत, पण ते ऐकण्यासारखं आहे. जहाजाच्या प्रत्येक भागाला ठरावीक लाइफबोटी नेमून दिलेल्या असतात, आणि त्या भागाच्या बोटीतल्या जागा भरल्या की खोलीतले रिकामे बर्थ रिकामेच राहतात. ही शिस्त बघून मला कंपनीबद्दल आदर वाटला. आमच्या कॉलनीतली लिफ्ट सहा माणसांची आहे आणि तिच्यात अकरा माणसं "जरा सरका" म्हणत मावतात.

आठ माणसं, तीन खोल्या. वाटणी कशी करायची? पहिली योजना दिरांची: सासूबाई आणि तिन्ही नातवंडं एका खोलीत, दोन्ही जोडपी स्वतंत्र. ही योजना मांडताना दीर आणि जाऊ दोघंही कमालीच्या निःस्वार्थ चेहऱ्याने बसले होते. "आजीची माया," असंही ते म्हणाले. मायेबद्दल शंका नव्हतीच. पण सासूबाई रात्री कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. ते काढलं की त्यांच्या उशाशी ढोल वाजवला तरी त्या कूस बदलत नाहीत. जहाजावर धोक्याचा इशारा असतो सात लहान भोंगे आणि एक लांब. तो ऐकू न येणारं एकच मोठं माणूस तीन मुलांबरोबर ठेवणं बरोबर नाही, हे त्यांनीच सांगितलं. निःस्वार्थ चेहरे उतरले.

दुसरी योजना बुकिंगवाल्या मुलाची. ती सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर सांगते. आई-बाबांनी बाल्कनीवाली खोली घ्यायची आणि मुलांसाठी समोरची, बोळाच्या पलीकडची बिनखिडकीची. पैसे वाचतात, दर्या दिसतो, मुलं कठड्यापासून लांब राहतात. कागदावर यात खोट सापडत नाही. खोट बोळात आहे. जहाजावरच्या खोलीचं दार जड असतं, आपोआप मिटतं आणि मिटलं की बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. आगीच्या दृष्टीने ते तसंच हवं. आता रात्री दोन वाजता चार वर्षांची मुलगी आईला शोधत बाहेर पडते. दार मागे मिटतं. समोर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, एकसारखा गालिचा. तिला आकडे दहापर्यंत येतात आणि खोलीचा नंबर चार आकडी आहे. अंतर सव्वा मीटरचं असलं तरी त्या मुलीला ते ओलांडता येत नाही.

म्हणून मी हट्ट धरला तो मधल्या दाराचा. दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत आतून दार असलं की बोळात न जाता या खोलीतून त्या खोलीत जाता येतं. हे मिळवणं हा फोनवरचा एक स्वतंत्र प्रवास होता.

"जोडून मिळतील ना दोन रूम?"

"मिळतील मॅडम, जॉइनिंगच देतो."

"मधे दार आहे?"

"शेजारी शेजारीच आहेत मॅडम."

"शेजारी आहेत हे कळलं. मधे दार आहे की भिंत?"

"मॅडम, तुम्ही एका रूममधून आवाज दिला तर दुसऱ्या रूममध्ये ऐकू येईल."

"आवाज आम्ही दादरहून दिला तरी ठाण्याला ऐकू जातो. दार आहे का?"

"बघून सांगतो."

दोन दिवसांनी त्याने बघून सांगितलं. शेजारच्या अनेक खोल्या असतात, मधलं दार असलेल्या थोड्या. नकाशात त्यांना वेगळी खूण असते आणि त्या लवकर संपतात. 'खोली कोणती ते नंतर कळवू' अशी स्वस्तातली सवलत घेतली तर त्या मिळण्याची आशा सोडावी. मुलांना घेऊन जाणाऱ्याने ती सवलत घेऊच नये. तीत एकाच घरच्या खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर यायची सोय आहे.

खोल्या मिळाल्या आणि कागद आले. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले आणि गंभीर झाल्या. कागदावर एका खोलीत नवरा आणि धाकटी होती, दुसऱ्या खोलीत मी आणि थोरला. "हे काय? बोटीवर चढायच्या आधीच वेगळे झालात?" नियमच तसा आहे. प्रत्येक खोलीत नावाने एक तरी सज्ञान माणूस लागतो. ही वयाची अट काही कंपन्यांत अठरा, काहींत एकवीस. मुलांची स्वतंत्र खोली हवी असेल तर कागदोपत्री नवरा-बायकोची वाटणी करतात. जहाजावर चढलं की रिसेप्शनला सांगून जादा कार्डं घ्यायची आणि मग ज्याला जिथे झोपायचं तिथे झोपायचं. हे सगळं सांगितल्यावर सासूबाईंचा जीव खाली पडला. तरी त्यांनी जावेला हळूच विचारलंच, "नक्की ना?" मग त्यांचंच नाव थोरल्याबरोबर घातलं आणि कागदावरचा संसार सुरळीत झाला.

शेवटची वाटणी अशी: मधलं दार असलेल्या दोन खिडकीच्या खोल्या. एकीत आम्ही दोघं आणि धाकटी, दुसरीत सासूबाई खाली, थोरला वर. दार रात्रभर उघडं. त्याच बोळात पुढची खोली दीर, जाऊ आणि पाळण्यातला बाळ्या यांची. जावेच्या चहाचा प्रश्न वेगळा सोडवला. सकाळी सहा ते सात बाळ्या माझ्याकडे. तिने कप घेऊन वरच्या डेकवर जावं, खुर्चीत बसावं आणि दर्या बघावा. तो दर्या बाल्कनीतून दिसतो तेवढाच मोठा असतो आणि त्याचं वेगळं भाडं पडत नाही.

एवढा खल बघून सासूबाईंना त्यांची कोकण बोट आठवली. माझ्या मोठ्या नणंदेला काखेला मारून त्या भाऊच्या धक्क्यावरून देवगडला जात. खोली नव्हती, बर्थ नव्हता. आधी चढणारा डेकवर वळकटी पसरी, आणि ती पसरली की तेवढी जमीन देवगडपर्यंत त्याच्या मालकीची. रात्री झोपताना त्या जुन्या साडीची पट्टी फाडून एक टोक नणंदेच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधत. पोर हललं की जाग येई. देवगडला बोट बाहेरच उभी राही आणि खाली पडावात उतरायचं, तेव्हा पोर आधी एका अनोळखी खलाशाच्या हातात जाई आणि मग आई. "तुमच्या त्या मधल्या दाराचं काम आमची पट्टी करायची," त्या म्हणाल्या, "आणि तिचं बुकिंग लागत नव्हतं."

बॅलार्ड पिअरला सामान तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेलं आणि आमच्या तीन बॅगा बाजूला निघाल्या. पहिलीत दिरांची चहाची किटली. दुसरीत नवऱ्याचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि इस्त्री. तिसरीत सासूबाईंचं निरांजन, फुलवाती आणि उदबत्तीचा पुडा. पाण्याने वेढलेल्या जहाजाला सर्वांत मोठी भीती आगीची असते, त्यामुळे उघडी ज्योत आणि तापणाऱ्या वस्तू खोलीत चालत नाहीत. अधिकारी बाईने हे फार नम्रपणे सांगितलं. सासूबाईंनीही तितक्याच नम्रपणे बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यातून सेलवरचा दिवा काढून दाखवला. त्यांना नियम आधीच माहीत होता. निरांजन "विचारून बघायला" आणलं होतं.

खोलीत शिरल्यावर सामान लावायच्या आधी मी मुलांच्या उंचीला बसून खोली बघितली. बाथरूमच्या दाराला उंबरठा होता, चांगला वर आलेला. घरी उंबरठे जाऊन वर्षं झाली, त्यामुळे तिन्ही मुलं आणि दीर तिथे एकेकदा ठेचकाळले. बाहेरचं दार बिजागरीच्या बाजूला बोट चिरडू शकेल इतकं जड. तिथे बाळ्याने जायचं नाही, असा कायदा लगेच झाला. जहाजाच्या भिंती पोलादाच्या असतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटतो, हे माहीत असल्याने घरच्या फ्रिजवरचा पंढरपूरचा विठोबा बरोबर घेतला होता. तो दाराला बाहेरून, धाकटीच्या डोळ्यांच्या उंचीला लावला. त्यानंतर तिला खोलीचा चार आकडी नंबर पाठ करावा लागला नाही. एकसारख्या दारांच्या बोळातून ती धावत यायची आणि विठोबापाशी थांबायची. पुढेपुढे त्या बोळातले परके लोकही एकमेकांना "विठोबावरून तिसरी खोली" असा पत्ता सांगायला लागले.

जहाज सुटायच्या आधी भोंगा झाला. सात लहान, एक लांब. संकटात कुठे जमायचं याची ही कवायत असते. 1912 साली टायटॅनिक बुडाली आणि 1914 साली समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज लागू आहे तो त्याचा 1974 चा अवतार. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाला: कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणी. याच करारात मुलांच्या लाइफजॅकेटांचा हिशेबही आहे. प्रवाशांच्या संख्येच्या किमान 10 टक्के जॅकेटं मुलांच्या मापाची हवीत, आणि मुलं जास्त असतील तर प्रत्येकाला एक. पण ती आपल्या खोलीतच असतील असं नाही. मोठ्यांची होती, मुलांची मागावी लागली. खोली आवरणाऱ्या दादाने लगेच आणून दिली. सुटायच्या आधी ती घालून बघितली. बाळ्या त्यात फक्त डोळ्यांपुरता उरला आणि त्याला ते इतकं आवडलं की काढताना रडला.

कवायतीच्या भोंग्याबरोबर बोळात गर्दी झाली. निम्मी गर्दी बरोबर जिन्याकडे गेली. उरलेली निम्मी बुफे उघडला असं समजून वर निघाली. दीर व्हिडिओ काढत होते. मुलांच्या मनगटाला जमायच्या जागेचं अक्षर लिहिलेले पट्टे होते, आणि थोरल्याने ते अक्षर वाचून सगळ्या घराला योग्य जागी नेलं. मुलं दिवसा मुलांच्या क्लबात असताना काही झालं तर तिथले लोक हा पट्टा बघूनच त्यांना तुमच्या जागी आणतात. म्हणून तो आंघोळीतही काढायचा नाही. सासूबाईंनी त्या पट्ट्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पट्टी शेवटी आलीच की."

तेव्हा मुलांना घेऊन क्रूझला निघालेल्या समस्त आईबापांनो, भाव विचारण्याआधी एवढं विचारा. दोन खोल्यांच्या मधे दार आहे की भिंत? डोक्यावर काय, पायाखाली काय? बाल्कनीला काच आहे की दांड्या? आपल्या सगळ्या खोल्यांची जमायची जागा एकच आहे का? बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, आणि लांबच्या पल्ल्याला ही अट वर्षाची होते, हेही आधीच विचारून घ्या. मुलांच्या मापाची जॅकेटं खोलीत पोचवा म्हणून चढल्या चढल्या सांगा. बाल्कनी घेतलीच असेल तर खुर्च्या आत ओढून घ्या आणि चहा उभ्याने प्या. सवय आहेच. आणि खोली निवडताना दर्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसा. दर्या कुठे जात नाही, मुलं जातात.